मॉरिसमधली शेजारची सीट

ही गोष्ट ऐकीव नाही. ज्यांच्या घरात घडली ती माझी सख्खी मावशी, आणि शेवटचं तर मी माझ्या कानांनी ऐकलंय. तरी कोणाला वाटत असेल की श्रद्धा, म्हणजे मी, उगाच फेकतेय, तर त्याने खुशाल पुढे वाचू नये.

आणि एक आधीच सांगते. यात अमावस्या नाही, मध्यरात्र नाही. हे घडलं मध्य प्रदेशातल्या बालाघाटात, १९९७ च्या चैत्रात, डोक्यावर ऊन तळपत असताना.

म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते.

अनुसयामावशीचे यजमान, गुणाकरकाका, सिंचन खात्यात मोठे बाबू, म्हणजे हेडक्लार्क होते. ऑफिस वारासिवनीला, जाणं-येणं बसने. माणूस सरळ, पण जुन्या वस्तूंचा भारी नाद. एका संध्याकाळी ते बसने आलेच नाहीत. गाडी घेऊन आले.

मॉरिस मायनर. विलायती. बेडकासारखे डोळे, दोन तुकड्यांची समोरची काच. कधीकाळी मँगनीजच्या खाणीवरच्या गोऱ्या साहेबाने ती आणली होती. साहेब गेला, गाडी वारासिवनीच्या एका वकिलाकडे आली. वकीलही गेले आणि त्यांच्या बायकोने, दुर्गाबाईंनी, ती काकांना विकली. सेल्फ कधीचाच मेलेला. समोरून लोखंडी हँडल घालून गरगर फिरवलं की मग कुठे इंजिन खोकायला लागायचं. वळताना दिवा लागत नसे. दारामागच्या खांबातून वीतभर केशरी हात बाहेर यायचा, डावीकडे वळायचं तर डावा, उजवीकडे तर उजवा. तो हात बघायला गल्ली गोळा व्हायची.

मावशी मात्र भडकली. एवढी मोठी वस्तू घरात आणायची आणि बायकोला एका शब्दाने विचारायचं नाही?

तरी तिने ओवाळलं. चाकांवर पाणी घातलं, बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं. मग आत डोकावली.

ड्रायव्हरच्या शेजारची सीट मधोमध दबलेली होती... कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी.

"ह्या सीटवर कोन बसत होतं?" तिने विचारलं.

हे वाक्य लक्षात ठेवा.

"गोऱ्याची मड्डम बसत असन," काका हसले. "आता तू बस. देवळात जाऊन येऊ."

"मी नाही बसत. मले न इचारता आनली, आता तुमीच फिरा एकले."

गाडीची पहिली फेरी आणि शेजारी घरची लक्ष्मी नाही. काकाही हट्टाला पेटले. पूजेला बायको हजर नसली की तिच्या जागी सुपारी ठेवतात ना? त्यांनी ताटातली सुपारी उचलली, तिला कुंकू लावलं आणि त्या दबलेल्या सीटवर ठेवली.

"ही माही अनुसया!" सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले आणि गेले देवळात.

परत आले तेव्हा सीटवर सुपारी नव्हती.

खाली नाही. फटीत नाही. कुठेच नाही.

घरंगळली असेल म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. त्या दिवसापासून नवरा-बायकोत अबोला मात्र सुरू झाला. ताट वाढलं जायचं, डबा भरला जायचा, शब्द नाही.

असे बरेच दिवस गेले. मग एकदा मावशी कोपऱ्यावरच्या भैयालालच्या किराणा दुकानात गेली, तर तो कुरकुरला, "भाभीजी, कल आवाज दी थी, आपने देखा तक नहीं। गाडी में बैठ गए तो हमको भूल गए क्या?"

"मी? गाडीत?"

"हाँ, वो पीली साडी में।"

मावशी साखर न घेताच घरी आली. तिने ट्रंक उघडली. पिवळी साडी जागेवर होती, घडीही नीट होती. पण काठाला...

काठाला कुसळं चिकटली होती. नदीकाठच्या गवताची असतात तसली.

ती साडी तिने संक्रांतीनंतर नेसलीच नव्हती.

तिच्या डोक्यात भूतबीत आलं नाही. कोणत्याही बायकोच्या डोक्यात आधी येईल तेच आलं. यांनी बाई ठेवली. आणि वर तिला माझीच साडी नेसवतात!

आता मावशीने पाळत ठेवली. काका आंघोळीला गेले की ती गाडीभोवती फिरायची. शेजारच्या दाराची काच जाम होती, काकांनी जोर लावूनही उतरत नसे. ती एकदा अर्धी खाली दिसली. एका रविवारी गाडी जागची हललीच नव्हती, दिवसभर कडुलिंबाच्या सावलीत उभी होती. मावशीने सहज सीटवर हात ठेवला.

काकांची सीट गार होती.

शेजारची... ऊबदार होती.

आणि काका? काका खुशीत होते. दाढी करताना गुणगुणायचे. घरात अबोला असताना माणूस गुणगुणतो कशाला? मावशीला रडू यायचं. दुःखाने कमी, संतापाने जास्त.

शेवटी तिचा बांध फुटला तो कुरडयांच्या दिवशी. शेजारच्या शांताबाई आणि ती, दोघी अंगणात खाटेवर कुरडया घालत होत्या. काका त्या दिवशी दुपारीच परतले. गाडी फाटकाशी थांबली, इंजिन बंद झालं. काका खाली उतरले.

आणि मग... डावीकडचा केशरी हात हळूच वर आला.

"कोन बसते गाडीत?" मावशी ओरडली. "आज सांगाच. शांताबाईच्या समोर सांगा!"

काकांनी गाडीचं दार लोटलं. "कोन म्हंजे? तूच तं बसते."

"मी?"

"रोज सकायी कोपऱ्यावर उभी राह्यते ना तू. मी म्हटलं, रागानं घरून नाही बसत, कोपऱ्यावरून तं बसते. म्हून मी बी काही बोललो नाही. बोललो असतो तं पुन्हा भांडली असती."

"अन् उतरते कुठी?"

"वैनगंगेच्या पुलाच्या अलीकडं. डाव्या बाजूचा हात वर होते, मी थांबतो. तू उतरून घाटाकडं चालली जाते. देवाले जात असशीन, म्हटलं." काकांनी गाडीकडे पाहिलं. "आज पह्यल्यांदा बोलली. म्हणली, उद्या खालीपर्यंत सोडा ना. पान्यापर्यंत."

शांताबाईंच्या हातातला सोऱ्या तसाच थांबला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "वहिनी तं सकायपासून माह्यासंगं हाये. तुमी निंगाच्या आधीच मी तिले चीक शिजवाले बलावलं होतं."

काका ओसरीच्या पायरीवर बसले. मग त्यांना दुर्गाबाईंचं बोलणं आठवलं. गाडी देताना त्या म्हणाल्या होत्या, "शेजारची सीट खाली ठेवू नका, भाऊ. काही नाही तं पिशवी ठेवा. वकीलसाहेब तांदळाची टोपली ठेवत." काकांनी म्हातारीचं खूळ म्हणून ते कानाआड केलं होतं. नुसती टोपली ठेवायची, तिथे या गृहस्थाने कुंकू लावून, बायकोचं नाव घेऊन सुपारी ठेवली!

मावशी घाबरली, नाही कशाला म्हणू. पण घाबरण्याहून तिला दुसरंच जास्त लागलं. आपला नवरा इतके दिवस गुणगुणत होता, तो त्या न भांडणाऱ्या बाईमुळे.

"उद्या मी बसते," ती म्हणाली. "पाहू कोन येते ते."

दुसऱ्या दिवशी ती बसली. सीटने तिला पुरतं सामावून घेतलं. तिच्याच मापाचा खळगा होता तो.

गाडी कोपऱ्यावर आली. भैयालालच्या दुकानासमोर पिवळ्या साडीतली बाई पाठमोरी उभी होती.

काकांनी नजर रस्त्यावरून हलवली नाही. मावशीने त्यांची बाही घट्ट धरली. गाडी जवळून जाताना ती बाई वळायला लागली... आणि मावशीने डोळे मिटून घेतले.

पूल जवळ आला. केशरी हाताच्या बटणाला कोणीच हात लावला नव्हता. तरी डावीकडचा हात वर झाला.

"थांबू नका," मावशी म्हणाली. "काही झालं तरी थांबू नका."

ते थांबले नाहीत. पूल संपेपर्यंत तो हात वरच होता.

घरी आल्यावर मावशीने गाडी टिनाच्या छपराखाली लावायला लावली आणि हँडल आपल्या ताब्यात घेतलं. हँडल नाही तर गाडी नाही. घनश्याम मिस्त्रीला गिऱ्हाईक बघायला सांगितलं. काका पुन्हा बसने जाऊ लागले. दोघं पुन्हा भांडूही लागले, आणि मावशीला हायसं वाटलं.

मग आमच्याकडे गोंदियाला माझ्या मोठ्या बहिणीचा, श्रियाताईचा साखरपुडा आला. काकांना सुट्टी मिळाली नाही, मावशी एकटीच छोट्या गाडीने, म्हणजे नॅरोगेज रेल्वेने आली. स्टेशनवर तिची पिशवी मी उचलली तर माझा हात खालीच गेला.

"मावशी, दगड भरून आणलेस का?"

"हँडल हाये. राहू दे. कोनाले सांगू नको."

मला हसू आलं होतं तेव्हा.

दुसऱ्या दिवशी, ऐन साखरपुड्याच्या दुपारी, मावशीला चैन पडेना. मला घेऊन ती एसटीडी बूथवर गेली आणि भैयालालच्या दुकानात फोन लावला. "आज साहेब हापिसातून दुपारीच घरी येनार होते. जरा बलावता का?"

पलीकडे भैयालाल हसला. मला बाहेरपर्यंत ऐकू आलं.

"क्यों मजाक करती हो भाभीजी? अभी तो आप दोनों गाडी में निकले हो।"

मग त्यानेच विचारलं...

"तो आप बोल कहाँ से रही हो?"

हँडल माझ्या मांडीवरच्या पिशवीत होतं.

बाबांनी भाड्याची जीप केली. मावशी वाटभर मंगळसूत्र मुठीत धरून बसली होती. पुलाजवळ आल्यावर तिने डावीकडे वळायला सांगितलं.

घाटावर गाडी उभी होती. पुढची चाकं पाण्यात. डावा हात वर. शेजारचं दार सताड उघडं.

आत काका बसलेले होते. जिवंत. दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून धरलेलं.

शेजारच्या सीटवर सुपारी होती. कुंकू अजून ओलं होतं.

मावशी धावत पाण्यात शिरली. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते दचकून मागे सरकले.

"तू तं आत्ता पान्यात गेली," ते म्हणाले. "घरी येऊन म्हणली, साखरपुडा लवकर आटोपला. गाडी दारात चालूच होती. इथं आनलं मले. म्हणली, चला ना."

"मंग काहून नाही गेले?"

"तू मले कधी 'चला ना' म्हणते का व? एवढं गोड बोलते का कधी?" काकांनी स्टिअरिंग अजून सोडलं नव्हतं. "मले शक आला. म्हून इचारलं, पह्यल्या दिवशी गाडी पाहून तू काय म्हणली होती? तिले सांगता नाही आलं. नुसती हसली, अन् गेली." मग त्यांनी मावशीकडे नीट रोखून पाहिलं. "आता तू सांग. काय म्हणली होती?"

गुडघाभर पाण्यात उभं राहून मावशी म्हणाली, "ह्या सीटवर कोन बसत होतं?"

तेव्हा कुठे काका गाडीतून उतरले. आणि तिथेच, माझ्या बाबांसमोर, दोघं एकमेकांना धरून रडले.

सुपारी मावशीने वैनगंगेत सोडली. गाडी बैल लावून ओढून काढावी लागली, कारण घनश्यामने हँडल मारून मारून हात सुजवले तरी ती सुरू झाली नाही. पुढे नागपूरच्या एका हौशी माणसाने ती ट्रकवर घालून नेली. सीटचं त्याला सांगितलं होतं. तो हसला होता.

गाडी गेली, पण तो प्रश्न घरात राहिला. दिवेलागणीला काका ओसरीवरच्या बाकड्यावर बसून आत आवाज द्यायचे, "अनुसया, पह्यल्या दिवशी काय म्हणली होती?" मावशी स्वयंपाकघरातून उत्तर द्यायची, मगच ते जेवायला उठायचे. वर्षानुवर्षं. आम्ही भाचरं त्यावरून दोघांना चिडवायचो. बाहेरचं कोणी ऐकत असेल, असं आमच्या मनातही आलं नाही.

२००६ मध्ये मी बालाघाटला गेले होते. संध्याकाळ. मावशी माझ्यासमोर बसून कणीक मळत होती. बाहेरून काकांचा रोजचा आवाज आला.

"अनुसया, पह्यल्या दिवशी काय म्हणली होती?"

मावशीने तोंड उघडलं...

आणि तिच्या आधी, ओसरीवरून, तिच्याच आवाजात उत्तर आलं.

"ह्या सीटवर कोन बसत होतं?"

मावशीचे हात परातीत थांबले. बाहेर काका समाधानाने म्हणाले, "हौ. ये, बस."

आम्ही धावलो. ओसरीवर काका एकटेच होते. बाकड्याच्या एका टोकाला सरकून त्यांनी शेजारी जागा करून दिली होती. फाटक उघडं होतं.

मी त्या जागेवर हात ठेवला. लाकूड ऊबदार होतं.

त्या रात्रीच मावशीने प्रश्न बदलला. नवा प्रश्न आणि त्याचं उत्तर दोघांनाच ठाऊक, आणि आता ती मोठ्याने बोलत नाहीत, कानात सांगतात. निघताना मी न राहवून विचारलं, "मावशी, मला तरी सांग ना."

तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. लहानपणापासून मला ओळखणारी माझी मावशी.

मग एक पाऊल मागे सरकून तिने विचारलं, "तू श्रद्धाच होय ना व?"