रिकचे शेवटचे सूर

आल्स्त गावच्या क्रीडागृहात सकाळी कीबोर्डवादक रिक डालेमान्स स्वतःच्याच कीबोर्डवर पालथा पडलेला सापडला. मुठीत सोललेली वायर होती आणि डोक्यावर रंगमंचाचे सगळे दिवे लखलखत होते. इन्स्पेक्टर ग्रीट वान्डेकास्टेल आत शिरली तेव्हा शिळ्या बिअरचा आणि तळणीच्या तेलाचा भपकारा नाकात गेला.

रिकच्या ‘वेगा नॉर्ड’ या बँडच्या एका गाण्यावर नव्वदच्या दशकात सगळा युरोप नाचला होता. पुढे त्यांना दुसरं धड गाणं जमलं नाही. तेच एक गाणं शनिवार-शनिवार गावोगावच्या हॉलांत विकत त्यांनी तीस वर्षं काढली. ग्रीटही एके काळी त्यावर नाचली होती. आता ती चाल आठवली तरी तिला शिसारी येत होती.

पोलीस डॉक्टरांनी रिकच्या डोक्याला मागे पडलेली खोक दाखवली. शॉक बसून कोसळला असेल, तेव्हा आपटला असेल, असं त्यांचं म्हणणं. ग्रीट पालथ्या प्रेताकडे बघत राहिली.

बँडचा कर्ताकरविता गिडो स्ट्रोबान्ट्स कागदी पुडक्यातले बटाटे खात खातच आला.

“अपघात आहे, बाई. वायरिंग इथल्या डॅनीनं केलंय. त्याला न्या आणि हॉल मोकळा करा. संध्याकाळी लोक यायचेत.”

“तुमचा माणूस मेलाय.”

“म्हणून काय तिकिटं परत करू?”

हॉलचा इलेक्ट्रिशियन डॅनी मास भिंतीला टेकून उभा होता, चेहरा पांढराफटक. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. अपघात म्हणून शिक्का बसला की त्याचा परवाना जाणार होता, वर तुरुंग. पोर जन्माला येईल तेव्हा बाप आत असेल, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

“ती वायर माझी नाही, बाई. चिकटपट्टी लावून असलं भिकार काम मी करत नाही.”

“चोर कधी म्हणतो का, मी चोर?” गिडोनं बोटं चाटली.

गायिका कारीन आरशासमोर पापण्या चिकटवत होती. ग्रीटनं विचारलं, रिकचं कुणाशी बिनसलं होतं का? कारीन म्हणाली, बिनसायला मुळात जमलेलं असावं लागतं. मात्र तो आज रंगमंचावर शेवटचा उभा राहणार होता. घरी बसून माशा मारीन पण हे नाही, असं त्यानं कालच सांगून टाकलं होतं. गिडोला त्याची फिकीर नव्हती. तिथे उभे राहणारे छप्पन मिळतील, म्हणाला.

“त्याच्या कीबोर्डमध्ये काही बिघाड होता?”

कारीननं गिडोकडे पाहिलं, गिडोनं बटाट्यांकडे.

“तो कधीच बिघडत नाही,” ती म्हणाली आणि तिला हसू आवरेना.

खरं रडत होता तो एकटा फर्मिन बाटेन, चाहता-मंडळाचा अध्यक्ष. सुटलेल्या पोटावर बँडचा टी-शर्ट ताणून बसला होता.

“रिकला शेवटचं कधी पाहिलंत?”

“पाहिलं नाही बाई, ऐकलं. काल सराव झाल्यावर सगळे जेवायला गेले. मी बाहेर टी-शर्टांची खोकी लावत होतो. आत तो एकटाच वाजवत होता, आपलं ते गाणं. मध्येच सूर तुटले. थांबला असेल, असं वाटलं मला.”

“तोच वाजवत होता?”

“त्याचा हात मी झोपेतही ओळखीन.”

प्रेत हलवल्यावर ग्रीट कीबोर्ड बघायला गेली. दोन्ही हात लावून जोर केला, तर तो सुपासारखा वर आला. तिनं स्क्रू-ड्रायव्हर मागवला आणि चौघांना रंगमंचावर बोलावलं.

“पालथा पडलेल्या माणसाला खोक मागे कशी पडेल?” ती म्हणाली. “आणि इथे खरोखर शॉक बसला असता, तर हॉलची सुरक्षा-कळ तत्क्षणी पडून अंधार झाला असता. दिवे तर सकाळपर्यंत जळत होते. म्हणजे वायर हातात आली तेव्हा रिक मेलेला होता. स्वतःच्याच गळ्यात फास अडकेल असा बनाव डॅनी कशाला करील? हा बनाव करणाऱ्याला विजेतलं कळत नव्हतं. आणि या वाद्यातलंही.”

तिनं खालचा पत्रा काढला. आत दोन लाकडी पट्ट्या आणि सिगारेटची थोटकं.

“गिडो?”

“नाचताना डोक्यावर फिरवायचा असतो तो. हलका नको? सूर टेपवरचे असतात.”

“यात वीज जाऊच शकत नाही, हे तुम्हाला सकाळपासून माहीत होतं. तरी या पोराला तुरुंगात पाठवत होता?”

“धंद्याचं गुपित आहे, बाई. मला काही कुणी विचारलं नाही.”

ग्रीट फर्मिनकडे वळली.

“फर्मिन, काल यातून कुठले सूर ऐकलेत तुम्ही?”

फर्मिन त्या रिकाम्या खोक्यात डोकावला. हात घालून आतून चाचपून पाहिलं.

“मी पाया पडलो त्याच्या,” तो म्हणाला. “सोडू नकोस म्हटलं, आम्हाला दुसरं आहे काय? तो हसला. म्हणाला, अरे वेड्या, सोडायला मी धरलंय काय? मला वाटलं, आमची टिंगल करतोय. ढकललं मी. रंगमंचाच्या त्या लोखंडी पायरीवर आपटला. घाबरून मी त्याला कीबोर्डवर पालथा घातला, मुठीत वायर दिली.” त्यानं डोळे वर केले. “तो खरंच सांगत होता का हो?”

डॅनी मटकन खाली बसला आणि तोंडावर हात घेऊन रडू लागला. गिडोनं पुडकं चुरगाळून त्या खोक्यात टाकलं आणि विचारलं, आज डॅनी उभा राहील का तिथे, नुसतेच हात हलवायचे आहेत.

गिडोकडे बघत ग्रीटनं बेड्या काढल्या. त्या कुणाच्या हातात घालाव्यात याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पण कायद्यानं तिच्यापुढे फर्मिनचेच हात केले होते, आणि त्यानं ते आपण होऊन पुढे धरले.