न फाटलेल्या पट्ट्या

बसा नीट, आणि मध्ये तोंड घालू नका. हे माझ्या दाजींच्या बाबतीत घडलंय, आणि दाजी काही थापा मारणाऱ्यातले नव्हेत.

तरुणपणी ते विमानवाहू जहाजावर लढाऊ विमानांच्या बंदुका भरायचे. भरल्या की प्रत्येक नळीच्या तोंडावर कापडी पट्टी चिकटवायची, तिच्यावर सही आणि तारीख टाकायची. पहिल्या गोळीला पट्टी फाटते. म्हणजे कोण लढलं, ते परत आल्यावर बघूनच कळतं.

युद्धात एकदा दोन विमानं उडाली आणि एकच परतलं. उतरलेला साहेब म्हणाला, "शत्रूची दोन मी पाडली. जोडीदार पळाला." त्याच्या चारही पट्ट्या मात्र शाबूत होत्या. म्हणजे लढला तो दुसराच, विशीतला पोरगा, दाजींना उस्ताद म्हणणारा. साहेबाने दाजींच्या खांद्यावर हात ठेवला. "आत्ता पट्ट्या फाड, बंदुका चालल्या म्हणून वहीत सही कर. पोराचं खरं मी नंतर सांगतो. शब्द दिला."

दाजींनी विश्वास ठेवला, सांगितलं तसं केलं. साहेबाला शौर्यपदक मिळालं, पोराच्या माथी पळपुटा हा शिक्का बसला. चाळीस वर्षं दाजी त्या शब्दाकडे डोळे लावून बसले.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात, दुसऱ्या शनिवारी, संग्रहालयाने त्यांना बोलावलं. साहेबाचं तेच विमान रविवारी सकाळी लोकांसमोर यायचं होतं. साहेब स्वतः हजर होता. "पट्ट्या लाव आणि फाडून ठेव. खरं वाटलं पाहिजे."

"साहेब, त्या पोराचं सांगणार होतात..."

"कुठलं पोर?" साहेब म्हणाला आणि गाडीत बसला. केसाने गळा कापला हो माणसाने.

तरी दाजींनी काम केलं. जन्माची सवय. रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी चौथी पट्टी फाडली.

वर, वैमानिक बसतो तिथली काच सरकली.

दाजींनी मान वर केली नाही. शिडीवरून पाणी ठिबकत होतं. समुद्राचा वास...

"उस्ताद... तुम्हीसुद्धा?"

दाजी बाहेर आले, कुलूप लावलं, आणि उजाडेपर्यंत पायरीवर रडत बसले.

सकाळी पडदा सरकला. चारही पट्ट्या शाबूत. कापड जुनं, पिवळं. त्यावर दाजींची तरुणपणची सही, तारीख त्या लढाईची. साहेब भाषणाला उठला, तिकडे बघितलं आणि खाली बसला. मग दाजी उठले. पट्टी शाबूत असण्याचा अर्थ त्यांनी सगळ्यांना सांगितला, पोराचं नाव घेऊन.

त्यातली एक पट्टी दाजींच्या कपाटात आहे. मी हातात घेतलीय. वर्ष झालं... अजून ओलीच आहे.