चौदाव्या फेऱ्यापुढे

आपल्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी एक लोखंडी दांडा लेथवर कातून घ्यायला संहिता पोलोग्राउंड औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये शिरली, आणि समुद्रापासून इतक्या दूर तिला टेबलावर चक्क नावेच्या डिझेल इंजिनाचा गियरबॉक्स दिसला. रत्नागिरीत बोटींच्या इंजिनांवर सहा वर्षं काढलेल्या बाईला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. शेजारी एक तरुण मोठ्या निष्ठेने त्याची पितळी पट्टी बफच्या चाकावर घासत होता.

"थांबा. त्यावर मॉडेल कोरलेलं असतं."

"होतं काहीतरी," परेश म्हणाला. "पण फार गंदं दिसत होतं, मॅडम."

देशातलं सर्वांत स्वच्छ म्हणून मिरवणाऱ्या शहरात दुसरं काय व्हायचं? त्या लखलखीत पट्टीत संहिताला स्वतःचा संतापलेला चेहरा दिसला. आणि त्यामागे त्याचा, हसरा.

गियरबॉक्स परेशच्या नावेचा होता; ती महेश्वरच्या घाटावरून नदीत प्रवासी फिरवत असे. नाव उलटी नेणारा मागचा गियर घसरू लागला तेव्हा त्याने तो वापरणंच सोडलं, आणि गेल्या महिन्यात नाव घाटाच्या पायरीवर आदळली. कुणाला लागलं नाही. पण दुरुस्तीपर्यंत ती बंद होती. नावेला ब्रेक नसतो, मागचा गियर हाच तिचा ब्रेक, हे संहिताने अत्यंत थंड आणि निर्दोष वाक्यांत समजावलं. परेशने ती वाक्यं गाणं ऐकावं तशी ऐकली.

मॉडेल कळल्याशिवाय सुटे भाग मागवता येईनात. उपाय एकच उरला: लीव्हर पुढच्या गियरात टाकायची, इंजिनाकडचा दांडा हाताने फिरवायचा, नावेच्या पंख्याकडच्या टोकावरची खडूची खूण दहा वेळा वर येईपर्यंत किती फेरे लागतात ते मोजायचं, मग तेच मागच्या गियरात. दोन आकडे मिळाले की मॉडेल ओळखता येतं. शुक्रवारच्या गाडीने संहिता नव्या नोकरीसाठी कायमची रत्नागिरीला निघणार होती. हाताशी चार दिवस होते, आणि काम अर्ध्या तासाचं होतं.

दांडा तिने फिरवायचा, खूणही तिनेच पाहायची. परेशने फक्त मोजायचं. पुढच्याच गियरात सोमवारी एकवीस निघाले, मंगळवारी सव्वीस, बुधवारी सतरा. अज्ञान एक वेळ क्षम्य असतं. हे उत्साही अज्ञान होतं. गुरुवारी तिने दांडा सोडला.

"परेश, तुम्ही इंजिनिअर आहात ना?"

"डिग्री आहे."

"मग पंचवीसपर्यंत मोजता का येत नाही?"

त्याने हातातला खडू टेबलावर ठेवला. "चौदापर्यंत येतं, संहिताजी."

"आणि पुढे?"

"चौदाव्या फेऱ्याला तुम्ही हात बदलता... आणि केस मनगटाने मागे सारता, बोटांना ग्रीस असतं म्हणून. रोज, बरोबर चौदालाच. त्याच्या पुढचे आकडे कुठे जातात, कसम से — मला माहीत नाही."

रॉकेलचा वास एकाएकी जाणवू लागला. काहीतरी बोचरं बोलायला हवं होतं; संहिताने खडूची खूण पुन्हा वर आणून ठेवली.

"इकडे या," ती कोरडेपणाने म्हणाली. "तुम्ही फिरवा. मी मोजते."

तो फिरवू लागला. बारा... तेरा... चौदा. परेशने मान वर केली.

दांडा फिरत राहिला. खूण वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. संहिताचे ओठ उघडे होते. त्यांतून आकडा निघत नव्हता.

"मॅडम — किती झाले?"

"पुन्हा पहिल्यापासून." ती विलक्षण चिडली होती, आणि कोणावर ते तिला नेमकं ठाऊक होतं. "आज नाही जमलं तर उद्या मोजू."

"उद्या तर तुमची गाडी आहे."

"तिकीट रद्द करता येतं, परेश. फिरवा."