ह्यांची ऊब

नागपूरच्या त्या वसाहतीत पौषातली संध्याकाळ उतरली, की कुमुदताई पांढरीपांडे दिवाणावर बसून भिंतीला पाठ टेकत. भिंतीवर ऊबधर लेप होता, त्यांनीच आपल्या प्रयोगशाळेत घडवलेला. अंगाची, उन्हाची ऊब तो पिऊन घेई आणि गारठ्यात परत देई. शेजारची जागा यजमानांची. ते जाऊन दोन वर्षं झाली, तरी ती जागा रोज कोमट लागे. ताई अर्धवट मिटल्या डोळ्यांनी तिच्याशी बोलत बसत. वेड म्हणा हवं तर.

आज कर खात्याच्या ऊर्जापरीक्षक अनुपमा मेश्राम यंत्र घेऊन आल्या होत्या. घरात वीज वाचवणारी सुधारणा केली की करात सवलत मिळे, आणि नमुन्याचं हे घर मंजूर झालं की सगळ्या वसाहतीला मिळणार होती. कुडकुडणारे शेजारी त्याकडे डोळे लावून बसले होते.

"आधी साठलेली ऊब काढून भिंत रिकामी करावी लागेल," अनुपमा म्हणाल्या. "लेप किती ऊब धरतो, ते कोऱ्या भिंतीवरच मोजता येतं."

"करा. पण हे तेवढे राहू देत."

अनुपमांनी दिवाणाकडे पाहिलं. "हे लोड?"

"लोड कसले, बाई. आमचे हे." ताईंनी त्यांचा हात धरून शेजारच्या जागेवर ठेवला. भिंत खरंच कोमट होती. अनुपमांना गलबलून आलं.

"ताई, तुमचा लेप ऊब किती दिवस धरतो?"

"फार तर आठवडा," ताई म्हणाल्या आणि त्यांचं त्यांनाच उमगलं. जन्मभर जगाच्या भिंतींचा हिशेब केला, आपल्या घरची भिंत तेवढी सुटली होती. "म्हणजे ही ऊब त्यांची नाही."

"तुमचीच असणार. रोज दुसरं कोण टेकतं इथं?"

ताईंनी पदर डोळ्यांना लावला. दुसऱ्यांदा विधवा झाल्यासारखं वाटलं त्यांना. मग म्हणाल्या, "करा रिकामी. शेजारची माणसं थंडीत आहेत."

यंत्रानं ऊब ओढून घेतली. भिंत माठासारखी गार पडली. आता मोजणीसाठी कुणीतरी टेकायला हवं होतं. ताई आपल्या नेहमीच्या जागी टेकल्या.

अनुपमांच्या कपाळाला आठी पडली. "यंत्र बिघडलं वाटतं. टेकलात तुम्ही इकडे, आणि ऊब दाखवतंय तिकडे."

ताईंनी शेजारी हात लावून पाहिला आणि त्यांना हसू फुटलं. "यंत्र बरोबर आहे. लेप एकाच जागी वर्षानुवर्षं तापला, की त्याचे कण तिथं कायमचे मोकळे होतात. मग ऊब कुठूनही येवो, आधी त्या मळलेल्या वाटेनं जाते. मी दिवसभर प्रयोगशाळेत, आणि हे एकदा इथं टेकले की उठायचं नाव नाही. आळशी कुठले."

भिंत हळूहळू कोमट होत होती, आधी तिथंच. ताईंनी डोळे मिटले.

"घ्या," त्या म्हणाल्या, "मोजून घ्या ह्यांना."