एकाच झाडावर दोन घरं

"अहो, जरा बसता का?"

आता एखादा अनोळखी माणूस दारात येऊन पहिलंच वाक्य असं बोलला, तर दुसऱ्यानं काय समजावं? चिऊ नुसती बघतच राहिली. दार तरी कसलं, झाडावरच्या लाकडी खोलीचं कमरेइतकं फळकूट. त्याच्या पलीकडे विस्कटलेल्या केसांचा एक उंच माणूस, गळ्यात भलामोठा हेडफोन, आणि चेहरा दाढ ठणकत असल्यासारखा. असले चेहरे चिऊच्या रोजच्या ओळखीचे, कारण ती दातांची डॉक्टर होती. चिऊ हे तिचं घरातलं नाव. दवाखान्याच्या पाटीवरचं आपल्याला काय करायचंय.

मग त्यानं खुलासा केला. या एका झाडावर दोन घरं होती, एक तिचं, एक त्याचं, मधे दोरखंडाला धरून जायचा फळ्यांचा पूल. समोर समुद्र, खाली वाळू, सगळं अगदी जाहिरातीत दाखवलेलं. फक्त एका घरात कुणी चाललं की दुसरं घर करकरतं, हे काही जाहिरातीत नव्हतं. तो नाटक-सिनेमांसाठी आवाज गोळा करायचा. लाटांचा, वाऱ्याचा, पानांचा. आणि सकाळपासून त्याच्या प्रत्येक लाटेत कुणीतरी येरझाऱ्या घालत होतं.

"खिडकीपाशी गेलात की तुम्ही थांबता, एक उसासा टाकता आणि परत फिरता," तो म्हणाला. "उसासासुद्धा येतो हो त्यात."

चिऊ आधी लाजली, मग चिडली, मग तिला हसू आलं... आणि मग आपण नक्की काय झालो तेच तिला कळेना. हल्ली तिचं हे असंच चाललं होतं. एक भावना धड पुरी होत नव्हती, तोवर दुसरी दारात हजर.

या सगळ्याचं मूळ होतं रविवारात. रविवारी तिला आत्याला उत्तर द्यायचं होतं. आत्यानं आणलेलं स्थळ अगदी लाखात एक. मुलगा डोळ्यांचा डॉक्टर, हसरा, शांत, स्वतःचा चहा स्वतः करून पिणारा. दोन भेटी झाल्या, चिऊनं दोन्ही भेटींत खोट शोधली, औषधालाही सापडली नाही. मग घोडं अडलंय कुठं, असं आत्या विचारायची, आणि चिऊला नेमकं तेच ठाऊक नव्हतं. आई गेल्यावर आत्यानंच तिला वाढवलं होतं, स्वतःचं सगळं बाजूला ठेवून. तिला 'नको' म्हणायला जीभ रेटत नव्हती आणि 'हो' काही तोंडातून फुटत नव्हतं. शेवटी आत्यानंच हे झाडावरचं घर ठरवून दिलं. जा, समुद्राकडे बघ आणि डोकं ताळ्यावर घेऊन ये, असं बजावून तिची पाठवणी केली. बिचारीला काय माहीत, झाडावरही शेजारी असतात!

भांडणाचा शेवट तहात झाला. सकाळी त्यानं आवाज घ्यायचे, तिनं पुलाच्या मधोमध बसून राहायचं. दुपारनंतर तिनं हव्या तेवढ्या येरझाऱ्या घालाव्यात, त्यानं ब्र काढायचा नाही. पण नुसतं बसून तरी किती बसणार? दुसऱ्या सकाळी त्यानं हेडफोन काढून तिच्या कानांवर ठेवला. ठेवताना त्याची बोटं तिच्या केसांना लागली. त्यानं हात मागे घेतला, जरा जास्तच घाईनं.

कानात कुणीतरी पाचोळा तुडवत चाललं होतं. चांगलं दणादण.

"कोण आहे?" तिनं घाबरून विचारलं.

"खेकडा. खाली, वाळलेल्या पानांत."

"एवढा आवाज?"

"त्याला वाटतंय, आपण गुपचूप चाललोय," तो म्हणाला आणि तिच्याकडे बघून हसला. "असतात अशी माणसं... खेकडे म्हणायचंय मला."

त्या दिवसापासून बोलायला विषय पुरेनात. त्याच्या धंद्यातली एक गोष्ट तर चिऊला फारच गंमतशीर वाटली. तो म्हणे शांतताही रेकॉर्ड करायचा. दोन वाक्यांच्या मधली जागा कोरी ठेवली तर ऐकणाऱ्याला ती खड्ड्यासारखी लागते, म्हणून तिथे त्याच खोलीची शांतता भरावी लागते. प्रत्येक खोलीची वेगळी असते. चिऊनं विचारलं, माझ्या दवाखान्याची कशी असेल? तो म्हणाला, तिथे माणसांच्या तोंडात तुमचा हात असतो, शांतता सक्तीचीच असणार.

मग एका संध्याकाळी तिच्या खोलीची शांतता घ्यायचं ठरलं. दोघं समोरासमोर उभी, श्वाससुद्धा बेतानं. समुद्राकडून वारा आला, त्याचे केस त्याच्या डोळ्यांवर आले. तो हलू शकत नव्हता. चिऊचा हात आपसूक वर गेला... आणि पायाखालची फळी कर्रकन वाजली.

"परत घेऊ या?" त्यानं हळूच विचारलं.

"नको," ती म्हणाली, आणि का कोण जाणे, त्याच दमात तिनं त्याला त्या स्थळाबद्दल सगळं सांगून टाकलं. डोळ्यांचा डॉक्टर, रविवार, आत्या, सगळं.

तो दाराबाहेर पुलावर जाऊन बसला आणि दोरखंडाची गाठ न्याहाळू लागला. मग म्हणाला, "चांगला माणूस दिसतोय."

झालं! चिऊच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वास्तविक तो खरं तेच बोलला होता. मग राग कशाचा आला? रात्री तिनं पांघरुणात तोंड खुपसून स्वतःला फैलावर घेतलं. समोर समुद्र, अंगावर वारा, घर पाळण्यासारखं डुलतंय. अशा ठिकाणी ओंडक्यावरसुद्धा जीव जडेल बाई. हा माणूस आवडतोय की हे झाड? नुसत्या झाडापायी आत्याचं मन मोडायचं? आणि माणूसच असेल, तर मुकाट 'हो' म्हणून त्या भल्या डॉक्टरला फसवायचं? तिला रडू आलं आणि ते का आलं तेही कळलं नाही.

रविवारी तो तिची बॅग घेऊन बसस्थानकापर्यंत आला. निमित्तही होतं. एका नाटकासाठी त्याला रिकाम्या प्रतीक्षालयाची शांतता हवी होती. ते प्रतीक्षालय म्हणजे अगदी बघण्यासारखं. पोपडे आलेल्या भिंती, एका पायानं अधू बाकडं, बंद पंखा आणि फिनाईलचा वास. समुद्राचा मागमूस नाही. दुपारची वेळ, माणूस नाही काणूस नाही.

"हलायचं नाही," तो म्हणाला. त्यानं हेडफोन चढवला आणि दोघं उभी राहिली.

चिऊनं त्याच्याकडे नीट बघितलं. नाक किंचित वाकडं होतं. शर्टाचं एक बटण भलत्याच काजात अडकलेलं. कपाळावर डास चावल्याची गांधी. वारा नाही, लाट नाही, पान नाही, आणि तरी तिला वाटलं, ही बस आज येऊच नये. एवढे दिवस गुंतलेला दोरा एकदम सुटा झाला. मुलगी कामातून गेली होती, दुसरं काय.

त्यानं यंत्राकडे पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले.

"बटण दाबायचंच राहिलं," तो म्हणाला. "असं कधी होत नाही माझं."

तो पाठ फिरवून पुन्हा जुळवाजुळव करू लागला. त्याच्या कानांवर हेडफोन होता, म्हणजे त्याला काही ऐकू जाणार नव्हतं. चिऊ कोपऱ्यात गेली, तिनं आत्याला फोन लावला आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, "आत्या, त्यांना नाही म्हणून कळव."

"काय कमी आहे गं त्याच्यात?"

"काही नाही. माझं मन नाही, एवढंच." तिनं घाईनं विचारलं, "तू रागावलीस ना?"

पलीकडे आत्यानं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"लहानपणी कडू औषधसुद्धा माझं मन राखायला गटकन प्यायचीस," आत्या म्हणाली. "मला धास्ती होती, लग्नही तसंच करशील. नाही म्हणालीस, बरं झालं. कोण आहे तो?"

"आहे एक. शांतता रेकॉर्ड करतो."

"म्हणजे काही करत नाही."

"करतो गं. पण त्याच्या मनात काय आहे मला नाही माहीत. मी विचारलंच नाही अजून."

चिऊ वळली आणि जागच्या जागी थिजली. तो तिच्याचकडे तोंड करून उभा होता. हातातला माईक तिच्याच दिशेला होता आणि हेडफोन कानांवर. ज्यानं झाडाखालचा खेकडा ऐकला, त्याला ही कुजबुज ऐकू जाणार नाही, असं दातांची डॉक्टरच समजू शकते.

त्यानं हेडफोन उतरवला.

"मग विचार ना," तो म्हणाला.

"कोण बोलतंय? तोच का?" फोनमधून आत्याचा आवाज आला. "विचार बाई एकदाचं, म्हणजे मीही सुटेन."

चिऊनं फोन खाली घेतला, आणि विचारलं.