अंगावरचा टाका

हौसेला मोल नसतं म्हणतात. कॅनडातल्या विनिपेगच्या त्या थिएटरात शीला कपडेपट सांभाळायची तोही हौसेनेच, कारण लेक तिथे गात होती. दोन हजार आठचा जानेवारी, रविवारचा दुपारचा खेळ, बाहेर उणे तीस. ऑपेरा जुना, इटालियन. शेवटच्या अंकात क्षयाने खंगलेली नायिका, फार उशिरा परतलेल्या प्रियकराच्या मिठीत प्राण सोडते. ती नायिका म्हणजे शीलाची अबोली. पोटची पोर तालमीत रोज मरायची, आणि शीला तेवढ्यापुरती बाहेर जाऊन बसायची.

शेवटच्या अंकाची घंटा व्हायला आली आणि अबोलीच्या पांढऱ्या गाऊनची शिवण टर्रकन उसवली.

“काढ गं, पटकन टाके घालते.”

“आई, नो टाइम! असाच शिव ना.”

शीलाचा हात थबकला. अंगावरचा कपडा शिवू नये. तसा फक्त मेलेल्याचा शिवतात. नागपूरला हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. वेळ आलीच, तर ज्याच्या अंगावर शिवायचं त्याने दातांत काडी धरायची. काडी कुठली मिळायला! तिने दोऱ्याचा तुकडा तोडून पुढे केला.

“एवढं दातांत धर.”

“सीरियसली? आय हॅव टु सिंग, आई!”

“बरं बाई, मीच धरते. झालं?”

दोरा स्वतःच्या दातांत धरून तिने भराभर टाके घातले. धरायचा कुणी आणि धरला कुणी, हे ध्यानात आलं तेव्हा अबोली रंगमंचावरच्या पलंगावर पडली होती आणि पडदा वर गेला होता.

विंगेत अंधार. जुन्या मखमलीचा कुबट वास. अबोली अशी कधीच गायली नव्हती. मग सूर तुटला, ती कोसळली. थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. शीला लेकीच्या छातीकडे बघत राहिली. मरणाचं सोंग घेतलेला माणूसही चोरून श्वास घेतो. गाऊन जरासुद्धा हलत नव्हता...

पडदा पडताच ती धावली. “ऊठ, अबोली... ऊठ गं राणी...”

अबोलीने डोळे उघडले. “हाऊ वॉज आय?”

शीलाला रडूच फुटलं. शिकल्यासवरलेल्या बाईने भलतंच काय मनात आणावं, म्हणत तिने लेकीवरून बोटं मोडली, टाके कातरून गाऊन उतरवला. फुलं झाली, फोटो झाले. दोघी पार्किंगमध्ये आल्या तेव्हा उजेड सरत होता.

गाडीचा हीटर तापायला वेळ लागतो. अबोली अखंड बोलत होती. “आज भीतीच नाही वाटली, आई. इट वॉज सो ईझी.”

शीला हूं हूं करत काच पुसत होती. पुसली की तिच्या श्वासाने पुन्हा धूसर.

बाहेरून कोरसमधल्या मुली हात हलवत गेल्या. अबोली हसली, शेजारच्या काचेला अगदी ओठ टेकवून मोठ्याने “बाय!” म्हणाली.

त्या बाजूची काच लख्खच राहिली.