मास्तरांचा खटका

त्याला सगळे टेस्टर म्हणत. वायरमन तर तो होताच, पण नाव पडलं ते स्वभावावरून. दूध ताजं आहे असं बायकोने सांगितलं, तरी हा आधी नाकाशी धरणार. म्हणूनच काकूंनी आणि त्यांच्या मुलाने टेस्टरचा शब्द शेवटचा मानायचं ठरवलं होतं.

काकू शिवणकाम करायच्या, एकट्या राहायच्या. मुलगा दूर नोकरीला. काकूंच्या घरचा ब्रेकर हल्ली अधूनमधून पडायचा आणि मुलाने त्याचा धसकाच घेतला होता.

"वायरिंग धोक्याचं निघालं तर आई मशीन विकून माझ्याकडे येणार," त्याने दारातच सांगून टाकलं. "ठीक निघालं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"आणि मी कुठेही जाणार नाही," काकू म्हणाल्या. मग टेस्टरला आपादमस्तक न्याहाळून, "शर्ट कुणी शिवलाय हो हा? खांदा पार दंडावर उतरलाय. हे असते ना, तर बोलता बोलता खुणा करून मोकळे झाले असते."

'हे' म्हणजे मास्तर. दोघा नवरा-बायकोंनी याच खोलीत उभं आयुष्य कपडे शिवले. मास्तर गेले आणि काकूंनी त्यांचा निळा खडू कुणाला तरी देऊन टाकला. बघवेनाच तो. तेव्हापासून त्या साबणाच्या झिजलेल्या तुकड्यानेच आखत.

टेस्टरने बोर्डाचं झाकण काढलं आणि नाक मुरडलं. करपलेल्या मासळीसारखा वास. ब्रेकरचं पांढरं प्लास्टिक चहाच्या रंगाचं झालं होतं.

"हं. स्क्रू ढिला," तो म्हणाला. "लोड आला की तार तापते, गेला की निवते. तापून निवून स्क्रू आणखी सैल होतो, मग आणखी तापतं. त्यात इस्त्री, गिझर, मशीन, सगळं एकट्याच्या मानेवर. तो तरी बिचारा किती सोसणार?"

"म्हणून पडायचा होय!" मुलगा म्हणाला.

टेस्टरने बाहेरचा मेन स्विच बंद केला आणि ब्रेकरचा खटका खाली ओढला. हलेना. पक्कड लावली. ढिम्म! ब्रेकर काढून त्याने फोडला. आतले वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट वितळून एकमेकांना चिकटले होते. चिकटूनही बरेच दिवस झाले असावेत, वर काजळी जमली होती. असा ब्रेकर पडत नाही. घर पेटलं तरी पडत नाही.

"शेवटचा कधी पडला हा?"

"आज सकाळी. इस्त्री चालू ठेवून मी मेली बाहेर निघाले होते. खट्ट झालं. मीच वर केला, या बोटाने."

"मागच्या खेपेला मीही केलाय," मुलगा हळूच म्हणाला.

"शक्य नाही."

"शक्य नाही काय?" काकू म्हणाल्या. "माझं काहीतरी विसरलेलं असतं तेव्हाच नेमका पडतो तो."

टेस्टर पुन्हा कामाला लागला. जळका भाग कापून तारा नव्याने आवळल्या. इस्त्रीला, गिझरला, मशीनला वेगवेगळे ब्रेकर दिले. मग सगळं एकदम चालू करून तासभर तो बोर्डापाशी बसून राहिला. हात लावून पाहिला. सगळं थंड.

"घर ठणठणीत आहे," तो म्हणाला. "दुखणं त्या एका डबीत होतं."

काकूंचे डोळे भरून आले. मुलगा मात्र अजून बोर्डाकडेच बघत होता.

"आणि उद्या इस्त्री कापडावर विसरली तर? ते कळतं का ब्रेकरला?"

खोटं बोलणं टेस्टरच्या रक्तात नव्हतं. "नाही. त्याला विजेचं कळतं. कापडाचं नाही कळत."

काकू चहा टाकायला आत गेल्या. मागोमाग दोघे. चहा झाला तरी कुणी कुणाकडे बघेना.

खट्ट.

तिघेही बाहेर धावले.

टेस्टरने चाचणीसाठी लावलेली इस्त्री चालूच राहिली होती. उठताना त्याचाच पाय वायरीत अडकला असणार. ती आडवी पडली होती, शिवायला आलेल्या कापडावर. त्याने झटकन उचलली. कापड नुसतं पिवळसर झालं होतं.

बोर्डावर बाकीचे खटके वर. इस्त्रीचा एकटा खाली.

टेस्टरने ब्रेकरला हात लावला. थंड. तारा तपासल्या. इस्त्री तपासली. कशातच खोट नव्हती.

"कुणी पाडला?" त्याने विचारलं. पण तिघेही तर आत होते.

मुलगा त्या खटक्याकडे बघत राहिला. "बाबा..." एवढंच म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. मग डोळे पुसत म्हणाला, "आई, मशीन विकू नकोस. राहा तू इथेच."

काकू हसत होत्या आणि रडतही होत्या. "मी कधीची तेच सांगतेय, मेल्या!"

टेस्टर घरी आला. काही केल्या हिशेब जुळेना. शर्ट काढून त्याने बायकोकडे धुवायला दिला.

"अहो, हा शिंप्याकडे टाकला होतात का?"

"नाही. का?"

तिने शर्ट उलगडून धरला. दोन्ही खांद्यांवर, शिवणीच्या आत, सारख्याच अंतरावर, निळ्या खडूची सरळ रेघ.

टेस्टरने शर्ट पुन्हा अंगात घातला, आरशासमोर उभा राहिला आणि त्या रेघांवर कापड दुमडून पाहिलं.

खांदा बरोबर हाडावर बसला.